ऑडिशन कुठे आहे यापेक्षा जागा कुठे रिकामी होतेय ते बघा

प्रश्न : मी मूळची वसईची. चर्चच्या क्वायरमध्ये गातच मोठी झाले, मुंबईत काही वर्षं शिकले आणि आता जर्मनीत गायनाच्या मास्टर्सचं शेवटचं वर्ष सुरू आहे. वय २६. आवाज हलका लिरिक सोप्रानो, म्हणजे बायकांच्या उंच आवाजांतला हलका, गोड प्रकार. वर्गातल्या काहीजणींना ऑपेरा हाऊसकडून ऑडिशनची बोलावणी येतात. मी चाळीसेक ईमेल पाठवले, उत्तरं दोन आली आणि दोन्ही नकार. या ऑडिशनच्या जाहिराती नेमक्या कुठे येतात? एजंट लागतोच का? गायचं काय? एका संस्थेने ‘एजंटांसमोर ऑडिशन’ म्हणून हजार युरोच्या वर मागितलेत, द्यावेत का? डिग्री झाल्यावर व्हिसाचं काय करू? घरचे दर फोनला विचारतात, परत कधी येणार.
— एक सोप्रानो, वसई / जर्मनी

उत्तर : चाळीस ईमेलना उत्तर आलं नाही, यावरून तुमच्या आवाजाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. बहुतेक ठिकाणी तो कोणी ऐकलाच नसणार. तुम्ही ईमेल कोणत्या महिन्यात पाठवले ते लिहिलेलं नाही, पण मार्च ते ऑगस्टमध्ये गेले असतील तर अर्धं कारण तिथेच सापडलं.

जर्मनीत सरकारी पैशांवर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरा हाऊस आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांकडे पगारी गायकांचा स्वतःचा संच असतो. सीझन ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतो आणि जुलैत संपतो. या गायकांचा करार ‘एनव्ही ब्यूने’ या सामूहिक कराराखाली येतो. तो साधारण एका सीझनचा असतो आणि कोणीच काही बोललं नाही तर आपोआप पुढच्या सीझनला लागू होतो. तो पुढे चालवायचा नसेल तर हाऊसने किंवा गायकाने ३१ ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवावं लागतं. (एकाच हाऊसमध्ये आठ वर्षांपेक्षा जास्त काढलेल्यांसाठी ही मुदत आणखी आधी येते.) म्हणजे पुढच्या वर्षी कोणती खुर्ची रिकामी होणार, हे हाऊसला नोव्हेंबर उजाडताना पक्कं कळतं. मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऐकणं चालतं. मे महिन्यात आलेला ‘मला गायला आवडेल’ हा ईमेल वाचणाऱ्याकडे तेव्हा द्यायला काहीच नसतं, आणि नोव्हेंबरमध्ये तो शोधून काढायला कोणी बसत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, हाऊस ‘चांगला आवाज’ शोधत नसतं. पुढच्या सीझनला ठरलेल्या चार-पाच भूमिका एका पगारात गाणारं माणूस त्यांना हवं असतं. संघाला यष्टिरक्षक हवा असताना शतकवीर फलंदाज कितीही चांगला असला तरी बाहेरच बसतो, तसंच. जर्मन हाऊस आवाजांची जी वर्गवारी करतात तिला ‘फाख’ म्हणतात आणि तुमचा फाख बहुधा सुब्रेट (हलक्या, खेळकर भूमिकांचा आवाज) ते लिरिक सोप्रानो यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. वाईट बातमी अशी की याच फाखात सर्वांत जास्त मुली आहेत. एखाद्या टेनरला (पुरुषांच्या उंच आवाजाला) जेवढ्या तयारीवर बोलावणं येतं, तेवढ्यावर तुम्हाला येणार नाही. म्हणून नेम जास्त बारीक धरावा लागेल.

तो असा धरायचा. हाऊसच्या संकेतस्थळावर ‘एन्सेम्बल’, म्हणजे पगारी संचाचं, पान असतं. तिथे सोप्रानो किती आणि कोणत्या भूमिका कोण गातंय ते पाहा. छोट्या हाऊसमध्ये दोन किंवा तीनच असतात. मग चालू सीझनच्या प्रत्येक प्रयोगाची पात्रयादी उघडा. एखाद्या नावापुढे ‘आ. गे.’ अशी दोन आद्याक्षरं दिसली की ती गायिका पाहुणी आहे, पगारी संचातली नाही. ‘फिगारो’तली सुझाना पाहुणी, ‘फ्लेडरमाउस’मधली आडेलेही पाहुणी आणि एन्सेम्बलच्या पानावर तुमच्या फाखाचं कोणीच नाही, असं दिसलं तर ते हाऊस एकतर जागा भरण्याच्या बेतात आहे किंवा पैशांअभावी जागाच गोठवून बसलंय. दोन्हींतलं काय ते एका फोनवर कळतं. फोन करायचा तो ‘क्युन्स्टलरिशेस बेट्रीब्सब्युरो’ला; सगळे त्याला केबीबी म्हणतात. तालमी, सुट्ट्या, आजारपणं, पाहुणे यांची सगळी दोरी या कार्यालयाकडे असते. इंटेंडंटला, म्हणजे हाऊसच्या प्रमुखाला, लिहिलेला ईमेलही शेवटी इथेच येऊन पडतो. ‘तुमच्याकडे २०२७/२८ साठी सुब्रेटची जागा होतेय का?’ एवढंच विचारा. हो किंवा नाही एवढं उत्तर मिळतं आणि फोन केला म्हणून कोणी वाईट वाटून घेत नाही.

पुढच्या सीझनचा कार्यक्रम वसंतात, साधारण मार्च ते मे या काळात जाहीर होतो. तोही जपून ठेवा. समजा एखाद्या हाऊसने ‘फिगारो’, वेबरचा ‘फ्रायशुट्झ’, ‘फ्लेडरमाउस’ आणि नाताळचा ‘हेन्सेल उंड ग्रेटेल’ लावलाय. तर सुझाना, एन्खेन, आडेले आणि ग्रेटेल हे चारही एकाच मुलीचं काम आहे. त्यांची ती मुलगी सोडून चालली असेल, तर तिच्या जागी कोण हे त्यांना लवकर ठरवावं लागणार.

जाहिराती कुठे येतात, हे तुम्ही विचारलंय. एकल गायकांच्या बऱ्याच जागा जाहिरातीत येतच नाहीत. हाऊस चार एजंटांना फोन करतं आणि दहा-पंधरा जणांना बोलावतं. तरी रोज नजर टाकावी अशा जागा आहेत : हाऊसची स्वतःची नोकरीची पानं, थिएटरजॉब्ज, मुवॅक, कोरसच्या जागांसाठी वियोवर्ल्ड, आणि ऑपेरा स्टुडिओ (तरुण गायकांसाठीचे हाऊसचे प्रशिक्षणवर्ग) व स्पर्धांसाठी याप ट्रॅकर. याप ट्रॅकर पैसे घेतं, पण अर्जांच्या मुदती एका जागी दिसतात म्हणून एका हिवाळ्यापुरतं घेण्यासारखं आहे.

पण या सगळ्याआधी तुम्ही झेडएव्हीकडे जायला हवं होतं. पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून जरा कळकळीने लिहितो. झेडएव्ही-क्युन्स्टलरफेरमिटलुंग म्हणजे जर्मन रोजगार संस्थेचा कलाकारांसाठीचा विभाग. बर्लिन, कोलोन, म्युनिक, लाइपझिग अशा शहरांत त्यांची कार्यालयं आहेत. संगीत-नाट्याची माणसं वेगळी असतात. ती तुम्हाला ऐकतात, फाखाबद्दल मत देतात आणि पटलं तर हाऊसना तुमचं नाव सुचवतात. पैसे एक सेंटही लागत नाही. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ऐकायला ही माणसं संगीत विद्यापीठांतही येतात. तुमच्या विभागात या वर्षीची तारीख विचारा. त्यांनी नाही म्हटलं तरी का म्हटलं ते विचारून घ्या. हे कान दर आठवड्याला हाऊसच्या मागण्या ऐकत असतात.

खासगी एजंट पहिल्या नोकरीसाठी लागतोच असं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उपयोगी पडतो. एजंटाचं उत्पन्न तुमच्या मिळालेल्या कामातून यायला हवं. ऑपेरात हे साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतं. एजंटाच्या ऑडिशनला पियानोवादकाचे थोडे पैसे मागतात, ते रास्त आहे. नोंदणी शुल्क, ‘प्रमोशन पॅकेज’, संकेतस्थळावर फोटो लावण्याचे पैसे असं काही निघालं की तिथेच थांबा. हजार युरोंच्या त्या कार्यक्रमाबद्दल त्यांना दोन प्रश्न लेखी विचारा : ऐकायला कोण बसणार त्यांची नावं आणि पदं काय, आणि मागच्या वर्षीच्या गायकांपैकी कोणाला कुठे काम मिळालं. नावं ‘लवकरच जाहीर’ असतील तर पैसे देऊ नका. नावं खरी असली, तरी त्याच माणसांपर्यंत केबीबीमार्फत फुकटात पोचता येतं, हे लक्षात ठेवून ठरवा. आमचं मत विचाराल तर ते हजार युरो रेल्वेच्या तिकिटांना आणि चांगल्या कोरेपेटिटोरबरोबरच्या, म्हणजे गायकांची तयारी करून घेणाऱ्या पियानोवादकाबरोबरच्या, तासांना लावा.

आता ईमेल. जर्मनमध्ये लिहा, आठ ते दहा ओळी, त्याहून एकही जास्त नको. विषयाच्या ओळीतच सगळं यावं (‘फोरझिंगन’ म्हणजे ऑडिशन) : ‘फोरझिंगन, सुब्रेट / लिरिक सोप्रानो, सीझन २०२७/२८’ आणि तुमचं नाव. पहिल्या ओळीत कोणत्या जागेसाठी, दुसरीत त्यांच्या जाहीर कार्यक्रमातल्या कोणत्या भूमिका तुमच्याकडे तयार आहेत, मग सध्या कुठे आणि कोणाकडे शिकताय, ऑडिशनला कोणत्या तारखांना येऊ शकता, आणि जर्मनीत काम करण्याचा परवाना कोणता व कधीपर्यंत आहे. ही शेवटची ओळ भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनी कधीच गाळू नये. समोरचा नाव वाचून आधी तोच विचार करतो. लहानपणापासूनची संगीताची ओढ, स्वप्न, आदर याला जागा नाही. सोबत एकच पीडीएफ जोडा : एका पानाची माहिती, एका पानाची भूमिकांची यादी, आणि आज जशा दिसता तसा फोटो. भूमिकांच्या यादीचे तीन भाग करा : स्टेजवर गायलेल्या, पूर्ण पाठ असलेल्या आणि तयारी सुरू असलेल्या. जिची एक आरिया (ऑपेरातलं एकट्याचं गाणं) तेवढी येते ती भूमिका यादीत घालू नका. हाऊसला कोणी आजारी पडलं तर ते याच यादीवरून फोन करतात. संध्याकाळच्या प्रयोगाला ‘ती पूर्ण येत नाही’ असं सांगायची वेळ आली, तर त्या हाऊसचा फोन पुन्हा येत नाही.

व्हिडिओ दोन किंवा तीन, गेल्या वर्षभरातले. आरिया सलग एका दमात गायलेली हवी. मध्ये कट दिसला की ऐकणारा बंद करतो. सगळ्यांत जास्त घोटाळे होतात ते फोनच्या माइकमुळे. फोन आवाजाची पातळी स्वतःच वर-खाली करतो, त्यामुळे तुमचा वरचा सूर दबतो आणि कुजबुज फुगते, म्हणजे आवाज केवढा आहे हेच कळत नाही. वेगळा रेकॉर्डर मागून आणा. तो तुमच्यापासून अडीच ते तीन मीटरवर, डोक्याच्या उंचीला ठेवा, पातळी हाताने लावा आणि सर्वांत मोठा सूर उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही असं पाहा. चित्र फोनवर घ्या, सुरुवातीला एक टाळी वाजवा आणि नंतर ती जुळवा. पियानोचं झाकण छोट्या काठीवर. खोली मोठी आणि थोडी कोरडी असावी. चर्चमध्ये रेकॉर्ड करण्याचा मोह वसईच्या मुलीला होणारच, पण तिथल्या घुमण्यात शब्द वाहून जातात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की काहीतरी लपवलंय. नंतर कृत्रिम रिव्हर्ब तर मुळीच नको. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवा. ‘प्रायव्हेट’ ठेवलेला दुवा समोरच्याला उघडत नाही आणि तसं कळवायला कोणी लिहीत नाही. तुमच्या चाळीस ईमेलमधले दुवे आजच दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून बघा.

काय गावं यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक बाजी इथेच जाते. यादीत पाच आरिया हव्यात. त्यांत जर्मन, इटालियन आणि फ्रेंच असावीत, एक मोझार्ट असावा, आणि एक विसाव्या शतकातली किंवा इंग्रजी चालते. पहिली तुम्ही निवडता, दुसरी ते मागतात आणि बहुधा तेवढ्यावरच संपतं; एकूण आठ-दहा मिनिटं. म्हणून पाचांपैकी कोणतीही कधीही मागितली जाईल असं धरून चाला. चार पक्क्या आणि पाचवी ‘मागणार नाहीत बहुतेक’ म्हणून ठेवली, तर नेमकी तीच मागतात. त्यांच्याकडे ज्या भूमिकेची अडचण आहे तीच बहुधा त्या पाचव्या आरियात असते.

तुमच्या आवाजासाठी जर्मनमध्ये ‘फ्रायशुट्झ’मधलं एन्खेनचं ‘कोम्ट आइन श्लांकर बुर्श गेगांगन’ हे नाणं खणखणीत आहे. चार मिनिटांत विनोद, शब्द, वरचे सूर सगळं दिसतं, आणि ते गाणाऱ्या मुलीला हाऊस पुढच्या वाक्यातच ‘संवाद बोलून दाखवा’ म्हणू शकतं. म्हणून त्या भूमिकेचा एक पानभर गद्य संवाद पाठ करून जा. छोट्या हाऊसमधली सुब्रेट वर्षातून कितीतरी वेळा जर्मन बोलते : मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मध्ये, ऑपेरेटात (संवाद असलेल्या हलक्याफुलक्या ऑपेरात), मुलांच्या प्रयोगांत. गाण्याचं जर्मन चांगलं आणि बोलण्याचं तुटक, ही परदेशी मुलींची नेहमीची अडचण आहे. बोलण्याच्या जर्मनमध्ये बी-२ पातळीच्या खाली असाल तर आधी तिथे काम करा.

इटालियनसाठी सुझानाचं ‘देह व्हिएनी, नॉन तार्दार’, आधीच्या रेसिटेटिव्हसकट (बोलल्यासारखा गायचा भाग). मोझार्टही यातच भागतो. हे संथ आहे, पियानो फारच थोडा वाजतो, त्यामुळे श्वास आणि सूर उघडे पडतात; पण तेच तर त्यांना ऐकायचं असतं. ‘मॅजिक फ्लूट’मधल्या पामिनाचं ‘आख, इख फ्यूल्स’ मात्र पहिल्या आरियेसाठी नको. सुंदर आहे, पण अनोळखी पियानोवादकाने जरा हळू वाजवलं की श्वास पुरत नाही आणि ते सावरायला जागाच मिळत नाही. फ्रेंचमध्ये गुनोच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मधल्या ज्युलिएटचं ‘ज व्यू व्हिव्र’ सगळ्याजणी गातात. तुम्हीही गा, जर त्यातली धावती जागा दहापैकी दहा वेळा जमत असेल. नऊ वेळा जमत असेल तर दुसरं काही शोधा. ‘ला बोएम’मधल्या मुझेट्टाचं ‘क्वांदो म’एन व्हो’ अडीच मिनिटांचं आहे, वेळ कमी असेल तेव्हा कामी येतं. स्त्राविन्स्कीच्या ‘द रेक्स प्रोग्रेस’मधल्या ॲन ट्रुलव्हची इंग्रजी आरिया उत्तम, पण रेसिटेटिव्हपासून शेवटपर्यंत आठ मिनिटांच्या वर जाते. कुठून सुरू करायचं आणि कुठे तोडायचं हे आधीच ठरवून स्वरलिपीवर खूण करा. ‘डॉन पास्क्वाले’मधल्या नोरिनाची कावातीनाही (प्रवेशाची आरिया) तशीच लांब. ‘फ्लेडरमाउस’मधल्या आडेलेचं हसणारं गाणं यादीबाहेर सहावं म्हणून तयार ठेवा, नाताळ-नववर्षाला हा ऑपेरेटा सगळीकडे लागतो.

मिमी, व्हायोलेटा, रात्रीची राणी या दुसऱ्या फाखांच्या भूमिकांना हात लावू नका. गाता येत असलं तरीही. यादीत सुझानाच्या शेजारी व्हायोलेटा दिसली की समोरचे समजतात, हिला स्वतःचा फाख ठाऊक नाही.

उच्चारांत मराठी माणसाला काही गोष्टी फुकट मिळाल्यात. जर्मनमधला झेड म्हणजे आपल्या ‘चमचा’तला च, इंग्रजी बोलणाऱ्यांना तो शिकवावा लागतो. इटालियनमधली जोडव्यंजनं आपल्याला ‘पत्ता’, ‘गल्ली’ म्हणताना येतातच. घोळ होतो तो इंग्रजी शाळेमुळे : इटालियनचा टी आपला दंत्य त असतो आणि मुली ट म्हणतात. ‘तुत्तो’चं ‘टुट्टो’ झालं की पॅनेलवरच्या इटालियनाची भुवई वर जाते. जर्मनचा डब्ल्यू दातांनी खालचा ओठ हलका दाबून घासून काढायचा. आपला मराठी व फार मऊ पडतो. उमलाउटचे स्वर मराठीत नाहीत, ते कानाने आणि आरशासमोर घोटावे लागतात.

पियानोवादकासाठीची प्रत हा वरकरणी किरकोळ वाटणारा विषय आहे, पण ऑडिशन बिघडण्याचं ते फार मोठं कारण आहे. हाऊसचा कोरेपेटिटोर तुम्हाला पूर्वी भेटलेला नसतो. कधी पाच मिनिटं मिळतात, कधी तीही नाहीत. पाचही आरिया एका रिंग फाइलमध्ये, दोन्ही बाजूंनी छापलेल्या, यादीच्याच क्रमाने, मध्ये रंगीत कागद घालून. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालू नका. स्टेजच्या दिव्यात ती चमकतात आणि काही दिसत नाही. झेरॉक्स काढताना डाव्या हाताची सर्वांत खालची ओळ कापली जाते आणि वादक बेस अंदाजाने वाजवतो. प्रत्येक पान तपासा. गाळलेला भाग पूर्ण काळा करा, नुसता पेन्सिलीचा बाण पुरत नाही. टॅब्लेट देऊ नका. लय सांगायची तर चुटक्या वाजवू नका, पाय आपटू नका; पहिल्या दोन ओळी हळू आवाजात गुणगुणा, शब्दांसकट. कुठे श्वास घेता, कुठे थांबता ते बोटाने दाखवा आणि त्याला धन्यवाद म्हणा. पुष्कळदा तोच मागच्या दाराने स्टुडिएनलायटरला, म्हणजे गायकांच्या तयारीच्या प्रमुखाला, सांगतो की मुलगी संगीतकार म्हणून कशी आहे.

आदल्या संध्याकाळी त्या गावात पोचा. जर्मन रेल्वेच्या वेळापत्रकावर भरवसा ठेवून सकाळी निघालेल्यांची ऑडिशन प्लॅटफॉर्मवर झालेली आहे. पहिल्या फेरीचा प्रवासखर्च बहुतेक हाऊस देत नाहीत. दुसऱ्या फेरीला बोलावलं तर केबीबीला विचारा, काही देतात. हिवाळ्यात हॉटेलच्या हीटरने रात्रीत घसा सुकतो, तो बंद करून झोपा. ऑडिशनची वेळ सकाळी साडेदहाचीही असते, कारण संध्याकाळी स्टेजवर प्रयोग असतो. म्हणून सराव सकाळी गाण्याचाही करा. कपडे साधे, गुडघ्याखाली, एका रंगाचे, गाउन नको. साडी नेसावी का, असं विचारणाऱ्या मुली असतात. नेसलात तर कोणी हरकत घेणार नाही, पण सुझाना हालचालीत दिसायला हवी.

स्टेजवर जाऊन नाव आणि आरिया सांगा, बस. अंधारात पाच-सहा माणसं असतात : ऑपेरा संचालक, स्टुडिएनलायटर, केबीबीचं कोणीतरी, इंटेंडंट आणि संगीत दिग्दर्शक, म्हणजे जीएमडी. जीएमडी नसेल तर पसंत पडलात तरी दुसऱ्यांदा गायला यावं लागणार हे धरून चाला. त्याने ऐकल्याशिवाय करार होत नाही. त्यांच्या डोळ्यांत बघून गाऊ नका, डोक्यांच्या थोडं वर बघा. रिकामं नाट्यगृह कोरडं वाटतं, आवाज परत येत नाही, आणि मुली लगेच जोर लावायला लागतात. तसं झालं की सूर वर चढतो आणि शब्द गढूळ होतात. खोलीत जसं गाता तसंच गा. मध्येच ‘डांके’ (धन्यवाद) म्हणून थांबवलं तर चेहरा पडू देऊ नका. एवढ्यात त्यांना हवं ते कळलेलं असतं, होकारी किंवा नकारी. निकाल कधी त्याच दिवशी कॅन्टीनमध्ये सांगतात, कधी तीन आठवडे काहीच नाही. दोन आठवड्यांनी केबीबीला एकदा विचारणं रीतीला धरून आहे.

ऑपेरा स्टुडिओंचे अर्जही याच वेळी करा. म्युनिक, बर्लिन, हॅम्बुर्ग, फ्रँकफर्ट, कोलोन, झुरिक इथे ते आहेत. एसेन, डॉर्टमुंड, गेल्सेनकिर्खन, वुपरटाल या चार हाऊसचा मिळून एक आहे. वयाची अट बहुतेक ठिकाणी तिशीच्या आसपास, म्हणजे तुमच्या हातात दोन-तीन हिवाळे आहेत. मोठ्या हाऊसच्या स्टुडिओत तुम्ही दोन वर्षं दासी, हुजऱ्या, दुसरी परी गाता आणि पहिल्या दर्जाच्या लोकांना जवळून ऐकता. छोट्या हाऊसच्या पगारी जागेत पहिल्याच वर्षी एन्खेन वीस वेळा गाता. दोन्ही समोर आलं तर तुमच्यासारख्या आवाजाने छोटं हाऊस घ्यावं, असं आम्हाला वाटतं. स्पर्धांपैकी गुटर्सलोहची ‘नोये श्टिमन’ आणि बेल्व्हेदेर या दोन्हींच्या परीक्षकांत हाऊसची निवड करणारी माणसं बसतात, म्हणून अंतिम फेरी न गाठताही तिथे गाणं हे ऑडिशनच असतं.

कोरसची नोकरी कमीपणाची नाही. जागा उघड जाहीर होतात आणि पगार नियमित असतो. फक्त एक गोष्ट माहीत असू द्या : जर्मनीत कोरसमधून एकल संचात जाणाऱ्या फार थोड्या. दोन्हींचे करार आणि तालमींचे तास वेगळे आहेत, त्यामुळे ‘आधी आत शिरू, मग बघू’ हा हिशोब सहसा जमत नाही.

घरच्यांना सांगायचं ते असं. भारतात वर्षभर पगारी एकल गायक ठेवणारी ऑपेरा कंपनी नाही. मुंबईत एनसीपीए आहे, २०१६ मध्ये पुन्हा उघडलेलं रॉयल ऑपेरा हाऊस आहे, तिथे मैफली आणि अधूनमधून प्रयोग होतात, आणि सुट्टीत येऊन तिथे जरूर गावं. पण नोकरीचा बाजार तिकडेच आहे. मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ यांनीही कारकीर्द इंग्लंडमध्ये उभी केली आणि शिकवायला भारतात परतत राहिल्या.

शेवटी व्हिसा, कारण तुमच्या बाबतीत तोच सगळं वेळापत्रक ठरवणार आहे. जर्मन विद्यापीठाची डिग्री पूर्ण केल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा निवास परवाना मिळतो आणि त्या काळात कोणतंही काम करता येतं. याच परवान्यावर झुरिक, व्हिएन्ना, स्ट्रासबुर्गच्या ऑडिशनला जाता येतं, दर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत. लंडनला मात्र वेगळा व्हिसा लागतो. आता तारखा मांडून बघा. शेवटची मैफल आणि परीक्षा मार्चमध्ये आटोपली, तर १८ महिने पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरला संपतात आणि ऑडिशनचा एकच हिवाळा हाती लागतो. तेच जुलैत पूर्ण केलं तर पुढच्याच्या पुढच्या जानेवारीपर्यंत मुदत जाते आणि दोन नोव्हेंबर मिळतात. परीक्षेची तारीख पुढे घेता येते का, हे विभागाच्या कार्यालयात या आठवड्यातच विचारा. परीक्षा पूर्ण झाल्याची अधिकृत तारीख कोणती धरतात, मैफलीची की शेवटचे गुण नोंदल्याची, हे परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून लेखी घ्या. आणि दुसऱ्या हिवाळ्यात करार झाला, तर तो सुरू व्हायला ऑगस्ट उजाडेल. मधल्या महिन्यांसाठी, परवाना संपण्याआधीच, सही झालेला करार घेऊन त्याच कार्यालयात जा.